नाशिकचा मुक्काम आणि सुरांची चढण

कसारा स्टेशनांत गाडीला मागून जादा इंजिनें जोडतात, तेव्हां डब्याला एक लहानसा धक्का बसतो. नेहमींच्या उतारूंना त्याचें कांहींच वाटत नाहीं. आम्हांस मात्र तो बसला कीं घाट लागला म्हणून खिडकीशीं सरकावेंसें वाटतें. येथून इगतपुरीपर्यंतची चढण सदतिसांस एक अशी आहे. सदतीस फूट पुढें जावें तेव्हां एक फूट वर चढावें. १८६० नंतरच्या दशकांत हा लोहमार्ग घालणाऱ्या इंजिनिअरांनीं ती आंखून ठेविली, आणि मालगाडी असो कीं उतारूंची गाडी असो, सर्वांस ती सारखीच. परंतु मागें इंजिनें किती लावावयाचीं हा प्रश्न केवळ चढणीचा आंकडा पाहून सुटत नाहीं. ओझें किती व पुढील इंजिनाचा जोर किती, हेंही पाहावें लागतें. गेल्या माघांत सकाळच्या तपोवन एक्सप्रेसनें आम्ही कल्याणहून नाशकास निघालों, तेव्हां ज्या कामासाठीं जात होतों त्याचें मर्म या घाटांतच थोडेंसें गवसलें, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

काम असें. नाशकांत गंगापूर रस्त्यावर आमच्या वडील चुलत बंधूंचें घर आहे. तीन पिढ्या एका छपराखालीं नांदणारीं घरें हल्लीं विरळ. त्यांतलें हें एक. ज्या दिवाणखान्यांत पूर्वीं भिंतीशीं गवसणी घातलेला तंबोरा उभा असे, तेथें पांच वर्षांपूर्वीं एक पियानो येऊन बसला. बंधूंची नात अकरा वर्षांची. लंडनच्या मंडळाच्या परीक्षा तिनें तिसऱ्या इयत्तेपर्यंत चांगल्या रीतीनें दिल्या. त्यानंतर ती ज्या वर्गास जात होती तेथें चौथी गाळून तिला एकदम पांचवीस बसवावें असें ठरलें, आणि पांचवीच्या यादींतील म्हणून एक गत तिच्या हातीं दिली. (पियानोवरील रचनेस आम्ही आपला सतारियांचा 'गत' हाच शब्द लावतों, जाणत्यांनीं सांभाळून घ्यावें.) त्या गतींत डाव्या हातास सारखीं सप्तकें होतीं, म्हणजे अंगठा व करंगळी ताणून खालचा षड्ज व वरचा षड्ज एकाच वेळीं दाबावयाचे. दीड महिन्यांत मुलीचें मनगट सुजलें. डॉक्टरांनीं विश्रांति सांगितली, आणि विश्रांति संपल्यावरही ती पियानोजवळ जाईना. दोन महिने त्याचें झांकण उघडलें नव्हतें.

घरांत दोन तट पडले. मुलीचे वडील म्हणत, यादींत स्पष्ट पांचवी लिहिलें आहे, तिच्या बरोबरीचीं मुलें वाजवितात, तेव्हां ही निवळ टंगळमंगळ आहे. वहिनींचें म्हणणें निराळें. "भाऊजी, आधीं पोरीचा हात पाहा आणि मग यादी पाहा," असें त्यांनीं आम्हांस फोनवर सांगितलें. आम्हांस पियानो वाजवितां येत नाहीं. आमचा जन्म मुलांना संस्कृत शिकविण्यांत गेला. परंतु 'हें सोपें' व 'हें कठीण' असे शिक्के मारण्याचा धंदा आम्हीं चौतीस वर्षें केला असल्यामुळें, या वादांत मास्तराचें मत घ्यावें असें घरांतील वडील माणसांस वाटलें असावें.

पहिल्या दिवशीं आम्हीं विषय मुद्दामच काढला नाहीं. मुलीला म्हटलें, "चल, मला गंगेवर घेऊन चल." नाशिककर गोदावरीस गंगाच म्हणतात, हें वाचकांस सांगावयास नकोच. रामकुंडावर नेहमींप्रमाणें गर्दी होती. क्रियाकर्मासाठीं आलेले यात्रेकरू, भाजीवाल्या, पायऱ्यांवर वाळत घातलेलीं लुगडीं व धोतरें. कुंडाच्या खालच्या अंगास नदीच्या पात्रांतच दुतोंड्या मारुति उभा आहे. नाशकांत पुराचें मान फुटांनीं सांगत नाहींत, या मारुतीच्या अंगावर मोजून सांगतात. पाणी गुडघ्यास लागलें, कमरेस लागलें, छातीस लागलें, एवढें ऐकलें कीं सराफ बाजारांतील दुकानदार माल वर उचलावयास लागतात. याच्याही पलीकडचें माप नारोशंकराच्या घंटेचें. १७४७ सालीं बांधलेल्या त्या रामेश्वराच्या देवळाच्या वेशीवर ती टांगलेली आहे. वसईच्या विजयाशीं तिचा संबंध सांगतात. घंटेला पाणी लागलें म्हणजे महापूर.

आम्ही हें सर्व मोठ्या हौसेनें सांगत होतों. मुलगी मारुतीकडे पाहत उभी होती. मग म्हणाली, "आजोबा, त्याच्या कमरेला पाणी म्हणजे माझ्या डोक्यावरून, नाहीं का?"

आम्ही कांहीं बोललों नाहीं. शहरासाठीं तें माप उत्तम आहे, कारण दुकानाचा उंबरठा जागचा हलत नाहीं. पाण्यांत उतरणाऱ्याला मात्र आपली उंची त्यांत मिळवून किंवा वजा करून घ्यावी लागते, आणि तें काम मारुति करीत नाहीं.

तेथून पंचवटींत शिरलों. इंद्रकुंडाजवळ महापालिकेचें पंडित पलुस्कर सभागृह आहे. नाशकास येणारे बहुतेक लोक काळाराम, सीतागुंफा, तपोवन एवढें पाहून परत जातात; विष्णु दिगंबरांचें या गांवाशीं काय नातें होतें, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. त्यांचा जन्म १८७२ चा, कुरुंदवाडचा. लहानपणीं फटाक्याच्या दारूनें डोळे अधू झाले, शाळा सुटली, म्हणून मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशीं गाणें शिकावयास राहिले. ५ मे १९०१ रोजीं त्यांनीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें, १९०८ मध्यें मुंबईस शाखा आणली, आणि पुढें मुंबईची इमारत कर्जापायीं हातची गेली. आयुष्याचीं शेवटचीं वर्षें त्यांनीं नाशकांत रामनाम-आधार आश्रमांत घालविलीं. १९३१ च्या ऑगस्टांत मिरजेस त्यांचा देह पडला.

या माणसानें केलेली एक गोष्ट आमच्या विषयास अगदीं लागून आहे. बाळकृष्णबुवांच्या घरीं शिष्यानें कोणती चीज केव्हां घ्यावी, हें गुरु ठरवीत. तेथें इयत्ता नव्हती. एक गुरु, समोर एक गळा, आणि त्या गळ्याची गुरूस रोजची ओळख. लाहोरास एका वर्गांत अनेक मुलें बसूं लागलीं, तेव्हां हें चालेना. मग क्रमिक पुस्तकें आलीं, लेखनपद्धति आली, आणि आज सोपें कोणतें व उद्यां कठीण कोणतें याची यादी आली. ज्याच्या स्वतःच्या दृष्टीस अक्षर नीट दिसत नव्हतें, त्यानें गाणें कागदावर उतरविण्याची खटपट करावी, हें नवल नव्हे काय? पंडितजींच्या मागें, १९३१ मध्येंच, शिष्यांनीं गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिलें. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार या त्यांच्या परीक्षा आज कित्येक घरांत इंग्रजी इयत्तांइतक्याच परिचयाच्या आहेत. आमच्या वहिनी प्रवेशिका पूर्ण झालेल्या आहेत, आणि त्याचा त्यांस रास्त अभिमान आहे.

आतां गंमत पाहा. याच काळांत पंडित भातखंडे यांनीं क्रमिक पुस्तकमालिकेचे सहा भाग रचले. 'क्रमिक' हा शब्दच पायऱ्यांचा. परंतु भातखंड्यांच्या दुसऱ्या भागांत यमन, बिलावल यांच्या पंक्तीस मारवा, पूर्वी व तोडी येऊन बसले आहेत, आणि भूप तिसऱ्या भागांत आहे. गांधर्व परंपरेंत भूप, दुर्गा यांसारखे पांच स्वरांचे राग अगदीं आरंभीं, आणि तोडी-मारव्यासाठीं विद्यार्थ्यास पुष्कळ वर्षें थांबावें लागतें. मग तोडी सोपी कीं कठीण? भातखंड्यांस दहा थाट विद्यार्थ्याच्या ध्यानांत आणावयाचे होते, म्हणून प्रत्येक थाटाचा मुख्य राग त्यांनीं आधीं घेतला. त्यांची पायरी समजुतीची आहे. दुसरी पायरी गळ्याची आहे. तोडीचा कोमल गंधार कोठें लावावा हें समजणें निराळें, आणि दहा वर्षांच्या मुलाच्या गळ्यांतून तो तेथें लागणें निराळें. एकाच शब्दानें दोन्ही गोष्टी सांगूं लागलें म्हणजे घरोघर आमच्या बंधूंच्या घरासारखे तट पडतात.

भूपाचेंच घ्या. मध्यम व निषाद गाळले कीं स्वर पांचच उरतात. सात वर्षांची मुलगी त्यांतील चीज आठवड्यांत म्हणूं लागते. परंतु देसकाराचेही नेमके हेच पांच स्वर. भूपांत गंधारावर मुक्काम, देसकारांत धैवतावर. भूप रात्रीचा, देसकार सकाळचा. एखाद्या जाणत्या गवयानें विलंबितांत तासभर भूप मांडावा आणि एकदांही देसकाराची सावली पडूं देऊं नये, हें काम किती जड आहे हें तो गवईच जाणे. एकच राग, एकच पंचक. पहिल्या परीक्षेंत आहे आणि शेवटच्या मैफलींतही आहे. इयत्ता रागाला नसते, त्याच्याशीं आपण किती वेळ व किती खोल बोलूं शकतों याला असते.

आम्हां संस्कृतवाल्यांस यांत नवें कांहीं नाहीं. रूपावलि झाली, अमरकोश झाला, कीं हातीं रघुवंश यावयाचा. भारवि, माघ मागाहून, आणि नैषध सर्वांच्या शेवटीं. भारवीच्या वाणीस मल्लिनाथानें नारळाची उपमा दिली आहे. नारळाचें काठिण्य करवंटींत असतें. ती एकदां फुटली कीं आंत गोड खोबरें. कालिदासाला करवंटी नाहीं, म्हणून तो प्रथम वाचावयास देतात. साठी उलटल्यावर पुन्हां रघुवंश उघडला म्हणजे ध्यानांत येतें कीं, पंधराव्या वर्षीं आम्हीं त्याचे अन्वय लावले होते, इतकेंच. (नाशकांतील मोठ्या नाट्यगृहास कालिदासाचें नांव दिलेलें आहे. तेथील नाटकांविषयीं आम्ही येथें मत देत नाहीं.)

तिसऱ्या दिवशीं वहिनींनीं एका बाईंना घरीं बोलाविलें. त्या मूळच्या गोव्याच्या, नाशकांत मुलांना पियानो शिकवितात. पोर्तुगीज अमदानींत गोव्याच्या चर्चच्या शाळांतून मुलांना लहानपणींच स्वरलिपि व व्हायोलिन शिकवीत. मुंबईच्या चित्रपटांचे वाद्यवृंद त्या शाळांतून आलेल्या वादकांनीं भरले होते. बाईंच्या घरींही तीच परंपरा. त्या आल्या, चहा घेतला, आणि पुस्तकाकडे न पाहतां मुलीला म्हणाल्या, "हात ठेव बघूं पट्ट्यांवर. ताण. दुखेल इतका नको." अंगठ्यापासून करंगळीपर्यंत सात पांढऱ्या पट्ट्या झाल्या. आठवी राहिली. पियानोचें एक सप्तक सुमारें साडेसोळा सेंटिमीटर लांबीचें असतें, आणि कारखानदार तें मुलांसाठीं आखूड करून देत नाहींत. गाणाऱ्याचें तसें नाहीं. एकीचा षड्ज काळी चार, दुसरीचा पांढरी पांच. ज्यानें त्यानें आपल्या गळ्याप्रमाणें पट्टी निवडावी, राग तोच राहतो. "हात वाढेल," बाई म्हणाल्या. "बीथोव्हेन दोनशें वर्षें थांबला आहे, आणखी दोन वर्षें थांबेल."

मग दोन तास जें ऐकावयास मिळालें त्यांतील कांहीं येथें देतों.

मोझार्टनें १७८८ मध्यें सी मेजरमधील एक सोनाटा लिहिला व आपल्या वहींत तो नवशिक्यांसाठीं म्हणून नोंदविला. प्रत्यक्ष कर्त्यानेंच इयत्ता लावून दिली, तेव्हां वाद मिटावयास हवा होता. परंतु तो सोनाटा सभेंत वाजवावयाचा म्हटला कीं मुरलेले वादकही दोनदां विचार करतात. स्वर इतके थोडे आणि इतके उघडे, कीं एक बोट किंचित् जड पडलें तरी शेवटच्या रांगेंतल्या माणसास कळतें. भरजरी शालूवर डाग लपतो, पांढऱ्या धोतरावर लपत नाहीं.

शोपाँची गोष्ट आम्हांस फार आवडली. सी मेजर या स्वरमालेंत सर्व पट्ट्या पांढऱ्या. वाचावयास याहून सोपें कांहींच नाहीं, म्हणून सर्वत्र मुलांचा आरंभ तिच्यापासून करतात. शोपाँ आपल्या शिष्यांचा आरंभ बी मेजरपासून करी. तींत पांच काळ्या पट्ट्या. कागदावर पाहिलें तर भीति वाटावी. पण मधलीं लांब बोटें उंच काळ्या पट्ट्यांवर व आखूड अंगठा खालच्या पांढरीवर असा हात आपोआप बसतो. सी मेजर त्याच्या मतें हातास सर्वांत अवघड, म्हणून ती शेवटीं. डोळ्यास सोपें तें हातास कठीण, व हातास सोपें तें डोळ्यास कठीण! भातखंडे व गांधर्व यांचें जें अंतर, तेंच येथें एका माणसाच्या डोळ्यांत व हातांत.

बीथोव्हेनची 'फ्यूर एलिझ' नांवाची गत, १८१० ची, आज मोबाईलच्या घंटींत देखील वाजते. तिचा आरंभ दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचें मूल वाजवितें, आणि आईबाप समजतात कीं गत आली. पुढें मध्येंच एक धांवती जागा येते, आणखी पुढें डाव्या हातास एकच स्वर सारखा ठोकीत राहावें लागतें. बहुतेक मुलें तेथेंच थांबतात. १८०१ च्या 'मूनलाइट' सोनाट्याचेंही तेंच. पहिला भाग संथ, तिसरा भाग वादळ. अशा रचनेस सरासरीनें इयत्ता काय म्हणून द्यावी? पावसाळ्यांत वाट चालण्याजोगी आहे कीं नाहीं, हें वाटेंतल्या ओढ्यावरून ठरतें. अलीकडच्या चार मैल सपाटीवरून ठरत नाहीं. बाईंची रीत हीच. नवी गत हातीं आली कीं त्या प्रथम तिच्यांतला ओढा शोधतात, तेवढ्याच चार ओळी मुलाकडून अगदीं सावकाश वाजवून घेतात, आणि मनगट सैल राहतें कीं ताठतें तें पाहतात. ताठलें तर पुस्तक मिटवावयाचें.

याद्यांविषयीं त्यांना तिटकारा नाहीं, आणि आम्हांसही नाहीं. लंडनच्या एका मंडळाच्या आठ इयत्ता आहेत. तें १८८९ पासून चालत आलेलें आहे. म्युनिकच्या हेन्ले नांवाच्या प्रकाशकानें रोल्फ कोएनेन या वादकाकडून आपल्या गतींस एक ते नऊ असे आंकडे लावून घेतले आहेत, आणि त्यांत नुसती बोटांची धांव न पाहतां रचनेची गुंतागुंत, लयीची अडचण, वाचनाची अडचण हेंही धरलें आहे. आठांची पट्टी नवांच्या पट्टीवर ठेवूं गेल्यास रेषा जुळत नाहींत, हें उघड आहे. तरी पण एखाद्या आडगांवच्या मुलास, ज्याच्याजवळ गुरु नाहीं, यादी नसेल तर कांहींच नाहीं. क्लेमेंटीनें आपल्या शंभर अभ्यास-गतींच्या ग्रंथास 'पर्वताच्या पायऱ्या' अशा अर्थाचें लॅटिन नांव दिलें होतें. पायऱ्या नसल्या तर सामान्य माणसानें चढावें कसें? बार्तोकनें १९२६ ते १९३९ या काळांत १५३ लहान गतींची सहा भागांची एक माला रचली, आणि तिचे पहिले दोन भाग आपल्या मुलास अर्पण केले. सहा भाग ऐकून आम्हांस क्रमिक पुस्तकमालिकेची आठवण झालीच. मूल समोर वाढत असतां बापानें पायऱ्या बांधल्या म्हणजे त्या त्याच्या ढांगेस बेताच्या पडतात.

मुलीचे वडील सबंध वेळ दाराशीं उभे होते. त्यांनीं एकच विचारलें, कीं वर्ष फुकट जाईल त्याचें काय? आम्हीं म्हटलें, आमच्या शाळेंत ज्या मुलांस त्यांच्या वयाआधीं वरच्या वर्गांत घातलें त्यांतील कांहीं पार चमकलीं, हें खरें. पण घालण्यापूर्वीं मुलाला उभें करून वाचावयास लावीत, मागच्या वर्षाच्या गुणांवर भागवीत नसत. त्यावर ते बोलले नाहींत. त्यांचें समाधान झालें असें आम्ही म्हणणार नाहीं. यंदा कोणतीच परीक्षा द्यावयाची नाहीं, एवढें मात्र त्यांनीं कबूल केलें, आणि त्या वर्गाची उरलेली फी बुडाली तरी चालेल असें बंधूंनीं सांगून टाकलें.

नव्या व्यवस्थेंत तिला बार्तोकच्या मालेचा तिसरा भाग दिला आहे, आणि बाखनें १७२५ मध्यें आपल्या पत्नीसाठीं सुरू केलेल्या वहींतील दोन मिन्युएट. त्यांतील जी मिन्युएट बाखची म्हणून जगभर वाजते ती वस्तुतः पेट्झोल्ड नांवाच्या दुसऱ्याच एका संगीतकाराची आहे, असें पुढें संशोधकांनीं दाखवून दिलें. मुलीला ही माहिती गतीपेक्षां अधिक आवडली; जो येईल त्यास ती सांगत होती.

चौथ्या दिवशीं सायंकाळीं तिनें झांकण उघडलें तें बाखसाठींही नाहीं व बार्तोकसाठींही नाहीं. वहिनी देवापाशीं दिवा लावून 'रघुपति राघव' म्हणत होत्या. विष्णु दिगंबरांनीं लोकांच्या तोंडीं घातलेली तीच चाल. मुलीनें उजव्या हाताच्या एका बोटानें ती शोधून काढली, मग पांचही बोटांनीं वाजविली, आणि विचारलें, "आजी, ही कितव्या इयत्तेची?" वहिनींनीं म्हणणें थांबविलें नाहीं. डाव्या हातासाठीं काय घ्यावें हें दुसऱ्या दिवशीं बाईंना विचारलें, तेव्हां त्यांनीं षड्ज व पंचम एवढे दोनच स्वर लिहून दिले. त्याला पांच पट्ट्या लागतात.